एक प्रसंग सांगायचा

आमच्या लॅबमध्ये कवळ्या तयार होतात. दंतवैद्य ठसे पाठवतात, त्यांवरून प्लास्टरचे साचे होतात, साच्यावर मेणात दात बसवतात, मग भट्टी, मग पॉलिश. दातांचा रंग ठरवायचं काम माझं. पांढरा म्हणजे पांढरा असं लोकांना वाटतं. पांढऱ्याच्या किती तऱ्हा असतात ते मला विचारा. या कामात मला कुणी शिकवायला जाऊ नये.

दुपारी आम्ही तिघी एका टेबलावर डबा खातो. साचे ओतणारी वयाने मोठी, तिला सगळे साचेताई म्हणतात. तिला तीन मुलगे, तिन्ही आडदांड. घरात बाईमाणूस ती एकटीच. दुसरी पॉलिशवर बसते, ती चमकी. नुकतंच लग्न झालंय आणि बोलायला लागली की समोरच्याचा घास तोंडातच राहतो. तिसरी मी. मला एकच मुलगी, पहिलीत जाणारी.

कादंबरी मीच आणली. एक आई आणि तिची मुलगी, एवढीच गोष्ट. सगळं आईच सांगते, मुलीला नावसुद्धा नाही, नुसती 'ती'. मी वाचत होते तेव्हा पानोपानी मला माझी लेकच दिसायची. संपल्यावर वाटलं, या दोघींनाही कळू दे मुलीची आई होणं काय असतं. आता लपवायचं कशाला, थोडा तोरा होताच माझा. पुस्तक चमकीच्या हातात दिलं आणि वर अट घातली: वाचून झाल्यावर नुसतं 'छान आहे' म्हणून सुटका नाही. मनाला लागलेला एक प्रसंग सांगायचा, मगच पुस्तक पुढच्या हाती द्यायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चमकीने माझ्यापेक्षा लवकर वाचून काढली, तिथेच मला जरा टोचलं. डबा उघडायच्या आधीच ती सांगायला लागली. म्हणे, मुलीला ताप येतो. आई कपाळावर हात ठेवते, तर मुलगी तो हात उचलून गालावर ठेवून घेते आणि म्हणते, "कपाळाला कळत नाही, गालाला कळतं." एवढं सांगताना चमकीचे डोळे भरून आले. जिला मूल नाही तिचे.

मी म्हटलं, असं काही नाहीये पुस्तकात.

"आहे हो ताई. तुमचं लक्ष नसेल."

कानामागून आली आणि तिखट झाली! मी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं, म्हटलं दाखव. तिने पानं उलटली, एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे ती आई खिडकीत कपडे वाळत घालत होती. चमकीने मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, मग हसली. आत्ता सापडत नाहीये पण आहे नक्की, असं म्हणून तिने पुस्तक साचेताईला दिलं.

घरी येऊन मी नवऱ्याला तिची नक्कल करून दाखवली. काय एकेक बायका मनचं रचतात, असं म्हणून हसले. तो भांडी पुसत होता, तो थांबला.

"अगं, ही तर आपलीच गोष्ट. मागच्या तापात आपली पोर तुला हेच म्हणाली होती. तू रडत रडत मला सांगितलंस."

"हो, हो, ते होय," मी म्हटलं.

मला काहीच आठवत नव्हतं. ताप आठवत होता. औषधाची बाटली, तिचं चिकट झालेलं झाकण, रात्री बदललेली चादर, सगळं आठवत होतं. गालाचं तेवढं नव्हतं. मनात पाल चुकचुकली आणि ती बाईमाणसाच्या नेहमीच्याच वाटेने गेली: चमकीला हे सांगितलं कुणी? नवऱ्याकडे मी नीट पाहिलं. आडून विचारलं, मग सरळच विचारलं. त्याला चमकी कोण हेही ठाऊक नव्हतं. माझं डोकं ठिकाणावर आहे ना, असा चेहरा करून तो बघत राहिला. पुढे कितीतरी दिवस मी दोघांवर डोळा ठेवला आणि हाती काही लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

साचेताईचं वाचन तिच्या कामासारखंच, सावकाश, एक बुडबुडा राहू द्यायचा नाही. आम्ही विचारायचंच सोडून दिलं होतं. मग एक दिवस हात पुसता पुसता तिनेच काढलं.

"ते मूल जन्मलं ना, ते आधी रडलं नाही गं. शिंकलं. आणि आपल्याच शिंकेने दचकलं. नर्सची पाठ होती, डॉक्टरीण खाली बघत होती. ते एकट्या आईने पाहिलं आणि तसल्या अवस्थेत तिला हसू आलं."

सांगताना तिने दोन्ही हात असे धरले होते की मधे काहीतरी आहे. तळव्यांच्या रेघांत प्लास्टर वाळून पांढरं झालं होतं. मग ती म्हणाली, "मला मुलगी नाही. पण आता आहे असं वाटतंय."

या वेळी घरी जाऊन कुणाला विचारायची सोय नव्हती. बाळंतपणाच्या वेळी नवरा दाराबाहेर होता. असं काही घडलं असेल तर ते एकट्या मीच पाहिलेलं. मी डोक्याला ताण देऊन पाहिला. खोलीतला दिवा आठवला, स्टीलचं भांडं आठवलं आणि मग एकदम दुपट्यात गुंडाळलेली लेक. मधलं सगळं पुसून काढलेलं.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. नऊ महिने मी वागवली, कळा मी सोसल्या, आणि या आयत्या बिळावरच्या नागोबा! साचेताई त्या दुपारी गुणगुणत काम करत होती. ती एवढी खूश कधी दिसली नव्हती आणि तिची खुशी माझ्या घरातून गेली होती. मला तिचे हात बघवेनात.

मी पुस्तक परत मागितलं. ती ओशाळली. तिने ते बहिणीला दिलं होतं, बहिणीने शेजारणीला. मग चमकीही म्हणाली की डब्यावर आम्हाला सांगायच्या आधीच तिच्याकडून मावशीने ते वाचायला नेलं होतं आणि मावशीने मैत्रिणीलाही दिलं होतं. प्रत्येकीने माझी अट पाळली होती. प्रत्येकीने कुणाला ना कुणाला एक प्रसंग सांगितला होता.

पुस्तक आलं तेव्हा फुगलेलं होतं, पुठ्ठा सुटला होता, कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा वास त्याला होता. मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा वाचलं. कुणीतरी एक बाई होती, कुणीतरी एक मुलगी होती. मला त्यांचं काही वाटलं नाही.

लॅबमध्ये मेण जाळायची भट्टी आहे. मी तिचं दार उघडलं, पुस्तक आत धरलं. मग वाटलं, हे जळालं आणि त्याच्याबरोबर या बायकांच्या डोक्यातलंही गेलं, तर माझी पोर कुणाकडेच राहणार नाही. मी दार लावून घेतलं आणि पुस्तक पर्समध्ये टाकलं.

तेव्हापासून मी विचारायला लागले. डबा खाताना, सहज विचारल्यासारखं: मग, अजून काय होतं गं त्यात? त्या हातचं राखून ठेवत नसत. तिचा पहिला दात खालचा पडला. तिला फुग्यांची भीती वाटते. झोपेत ती उशीचं टोक मुठीत धरते. मी ऐकायचे, घरी जाऊन ताडून पाहायचे, सगळं खरं निघायचं. नवरा म्हणायचा, तुझं बरं लक्ष असतं हं तिच्याकडे. मी मान डोलवायचे. आपल्याच ताटातला घास दुसरीकडे हात पसरून मागायचा आणि वर तिचे आभार मानायचे, असली पाळी वैऱ्यावरसुद्धा येऊ नये.

घरी तसं काही अडत नव्हतं. घरात मूल एकच, त्यामुळे चुकायचा प्रश्न नव्हता.

पुस्तकातली 'ती' म्हणजे माझीच लेक, हे माझ्या विचारण्यावरून साचेताईने ओळखलं होतं. ती मागे लागली होती, एकदा मला तिला बघू दे ना, लांबून का होईना. मी साफ नाही म्हटलं. एवढं सगळं घेतलं, आता डोळ्यांनी पण हवी? तिने मग तो विषय काढला नाही. साचे ओतताना मात्र माझ्याकडे बघायची आणि तिला माझी कीव येते आहे असं मला वाटायचं.

लेकीला शाळेतून रोज नवरा आणतो. त्या आठवड्यात त्याला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. शेजारणीला सांगून एक दिवस निभावला, दुसऱ्या दिवशी तिलाही जमेना. मी सकाळभर एकच काम तीनदा केलं. दुपारी उठले आणि साचेताईसमोर जाऊन उभी राहिले.

"ताई, आज चला माझ्याबरोबर. शाळेत."

मग तिने कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, चमकीकडून कंगवा घेऊन केस नीट केले. वाटेत तिची पावलं माझ्यापुढे पडत होती. तिचा मला इतका राग आला की बोलवेना, आणि ती मधेच कुठे परत फिरेल की काय याची धास्तीही तेवढीच होती.

फाटकापाशी आयांची गर्दी होती. घंटा झाली.

मुलं बाहेर आली. सगळ्यांचे राखाडी गणवेश, सगळ्यांची दप्तरं, सारख्या रिबिनी.

मी तोंडावर हसू ठेवून उभी होते. मुलांकडे मी बघतच नव्हते. मी साचेताईच्या तोंडाकडे बघत होते.

तिची नजर फिरत होती. एका ठिकाणी थांबली. डोळे भरले.

ती बघत होती तिकडे मी वळले आणि हात पसरले.

एक मुलगी धावत आली, माझ्या कमरेला मिठी मारली. मग मान वर करून थांबली. खालच्या दातांत फट होती, चमकीने सांगितल्यासारखी. तिला काहीतरी हवं होतं. रोज भेटल्यावर तिला कुणीतरी काहीतरी म्हणत असणार.

मी तिच्या डोक्यावरून साचेताईकडे पाहिलं.

तिला लगेच कळलं. तिने आवाज न करता, नुसत्या ओठांनी मला सांगितलं. सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं.

मी ते म्हटलं.

"ओ," म्हणून मुलीने माझा हात धरला.

नाव गोड होतं. कुणी ठेवलं असेल, असं मनात येऊन गेलं.