वाळूची कॉलर

ओहोटीचं पाणी लांब गेलं होतं, धुकं अजून उठलं नव्हतं, आणि त्या धुक्यातून कुणीतरी तिची अंडी उचलून चाललं होतं.

"अहो... ते खाली ठेवा आधी."

तो वळला. कोपरापर्यंत वाळलेली माती, थोडी भुवईवरही. हातात वाळूचं पातळ, गोलसर कडं. त्याने ते इतकं जपून धरलं होतं की तावातावाने आलेली ती जरा थबकलीच.

"तुम्ही केलंय हे?" त्याने विचारलं. "मी भांडी घडवतो. पण इतकी पातळ कड... मला नाही जमलेली अजून."

हे एका गोगलगायीचं काम आहे, असं तिने सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. वाळूत राहणारी समुद्री गोगलगाय अंगातला चिकट रस वाळूत कालवते, त्यात अंडी घालते आणि असं कडं बनवते. शर्टाच्या कॉलरसारखं दिसतं म्हणून सगळे त्याला कॉलरच म्हणतात. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे काल नेलं, त्यातही अंडी होती?"

"काल? त्याचं काय केलंत?"

"भाजलं... भट्टीत. कुणाचं तरी कच्चं भांडं फुटलंय असं वाटलं. बाहेर काढलं तर नुसती वाळू."

हसावं की रडावं, तिला कळेना. कॉलर तुडवणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती, भाजणारा हा पहिलाच. शेवटी तिला हसूच आलं, आणि एकदा आलं ते आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो प्रायश्चित्त घेऊन हजर झाला. बिनबुडाचं एक बुटकं भांडं, भोवताली भोकं पाडलेलं. ते त्याने कॉलरभोवती वाळूत रोवलं. पाणी आत-बाहेर जाईल, पण कुणाचा पाय पडणार नाही. ती बघतच राहिली. एवढं साधं तिला इतके दिवस सुचलं नव्हतं.

किनाऱ्यावरच्या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसने तिला इथे पाठवलं होतं, आणि आता या कॉलरवर लक्ष ठेवणं एवढंच काम उरलं होतं. अंडी फुटली की कॉलर आपोआप विरून जाते. तो दिवस बघायचा, ऑफिसला कळवायचं आणि पुढच्या किनाऱ्यावर जायचं. पहिल्याच आठवड्यात तिने हे त्याला सहज सांगून टाकलं होतं. मग मात्र उगाच सांगितलं असं तिला रोज वाटायला लागलं.

कारण तो रोज येत होता. ती त्याला शंख दाखवायची. लाटा आपटतात त्या भरड वाळूत लांबट, टोकदार शंख. इथे मऊ, बारीक वाळूत हा गोल, गुळगुळीत, लोण्याच्या गोळ्यासारखा. अर्ध्या चंद्रासारखं तोंड, त्याला पातळसं झाकण. आत मावणार नाही असं वाटावं एवढा मोठा पाय बाहेर काढून ही गोगलगाय वाळूखालून नांगरत जाते. मग तिने त्याच्या तळहातावर एक रिकामा शिंपला ठेवला. त्याला एक सुबक गोल भोक होतं, बाहेरून रुंद, आत निमुळतं.

"हेही तिचंच?" तो म्हणाला. "दिसते तर किती गरीब."

"शिंपला पायात धरते आणि भोक पाडत बसते. तासन् तास. तिला घाई नसते."

"मग शिंपल्याला कळत तरी असेल का, आपण सापडलोय ते?"

"कळतं... पण उशिरा."

तळहातावरचा शिंपला कुणीच उचलला नाही. तिचे कान तापले, आणि ती वाऱ्याला नावं ठेवत उठली.

ती ज्या मावशीकडे राहत होती तिच्या नजरेतून काय सुटणार? "तुझा तो चिखल्या म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय," मावशी म्हणाली. "भट्टी थंड पडलीये आणि स्वारीला ओहोटीच्या वेळा तोंडपाठ." तुझा म्हणू नकोस, असं ती म्हणाली खरी, पण तो शब्द तिला दिवसभर गोड लागत राहिला.

आणि मग कॉलरची कड झिजायला लागली.

ज्या दिवसाची इतकी वाट पाहिली, त्याचीच तिला धास्ती बसली. तिला जायचं नव्हतं. त्याने एकदा तरी 'थांब' म्हणावं, एवढंच हवं होतं, आणि तो तर नुसता कॉलरकडे बघत बसायचा.

एका सकाळी ती पोचली तर कॉलर अखंड. कालची झिजलेली कडही पूर्ववत. तिने बोट लावलं. ओल्या कॉलरला असते ती लवचीक नरमाई नव्हती, टणक होती. उचलून पाहिली, तर आतल्या बाजूला अंगठ्याचा ठसा. आजूबाजूला खऱ्या कॉलरचे तुकडे विखुरले होते. पिल्लं केव्हाच पाण्यात गेली होती.

ती तिथेच वाळूत बसली. डोळे भरून आले आणि हसूही. मग तिने ती खोटी कॉलर होती तशी ठेवून दिली.

"आहे ना अजून?" तो आला तेव्हा त्याने नको इतक्या सहजपणे विचारलं.

"आहे की. चांगली ठणठणीत."

कामात तिने खोटेपणा केला नाही. अंडी फुटली त्याच दिवसाची नोंद केली. फक्त ऑफिसला कळवायचं राहिलं... म्हणजे, तिने राहू दिलं. पुढचे काही दिवस दोघं त्या भाजलेल्या मातीशेजारी बसून अंडी फुटायची वाट पाहत होते.

शेवटी त्यालाच राहवेना. "एक सांगायचंय. ही कॉलर... मी बनवलीये."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अंगठ्याचा ठसा पुसायला विसरलास तू."

तू. तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. तो वाळूकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होते."

"तुला थांब म्हणवत नव्हतं. तुझं काम तुला किती प्रिय आहे, ते दिसतं ना... म्हणून नुसती लबाडी करत बसलो." त्याने ती खोटी कॉलर बाजूला सारली. "पण माझं चाक गाडीत मावतं. मोजून बघितलंय. माती काय, कुठेही मिळेल. तू मात्र... मला तू हवी आहेस."

तिने त्याचा मातीने माखलेला हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने ऑफिसला फोन लावला. अंडी फुटल्याची खरी तारीख सांगितली, कळवायला झालेल्या उशिराबद्दल बोलणी खाल्ली, सोमवारी निघते म्हणाली.

"आणि सर, तिकडच्या खोलीत दोघं राहू शकतात का?"

"दोघं? मदतनीस घेतलाय का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून बसला होता.

"नाही सर," ती म्हणाली. "घरचं माणूस आहे."