डोंगरावरचा लाल दिवा

"उद्या सकाळी बिराप्पाचा तळ उठवायचा! ऐकलं न्हाय तर काठ्या घेऊन जायचं!" मारुतीच्या देवळात नारायणराव गरजले आणि बाहेर ओट्यावर बसलेली त्यांची मुलगी प्रेमला ताडकन उठून उभी राहिली.

येरमाळ्याजवळच्या त्या वाडीत दिवाळीची सुट्टी चालू होती. पण मजा कसली! आठवडाभर दिवेलागणीनंतर पूर्वेच्या डोंगरावर एक लाल दिवा दिसत होता. दरोडेखोरांना खूण करायला, तिथं मेंढ्या घेऊन उतरलेला बिराप्पा धनगरच तो लावतो, असं मोठ्यांनी ठरवूनही टाकलं होतं! निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली, पण रझाकारांच्या वेळची भीती काही गेली नव्हती. दिवा दिसला की घरोघरी दारांना कड्या!

"बिराप्पाकाकांच्या मेंढ्या कालच व्यायल्यात," प्रेमला म्हणाली. "कोकरं चालणार कशी? वाटेतच मरतील!"

"आणि त्यांच्याकडं दिवाच न्हाय!" तिचा धाकटा भाऊ बब्रू म्हणाला.

तुळजापूरहून सुट्टीला आलेला आतेभाऊ अंबादास हळूच म्हणाला, "काल मी गुपचूप घराच्या माळवदावर चढून बघत बसलो. दिवा डोंगर सोडून वर आला! आमचे गुरुजी म्हणाले होते, यंदा मंगळ पृथ्वीच्या जवळ आलाय. तोच हा!"

"मग दादांना सांग की!" प्रेमला देवळातल्या वडलांकडं बोट करत म्हणाली.

"सांगितलं. मामा म्हणाले, मोठ्यांत बोलू नकोस. दारं लावून बसल्यावर यांना दिसणार कसा?"

प्रेमलानं पायरीजवळच्या वहाणांकडं पाहिलं. "बब्रू, उचल सगळ्या!"

थोड्याच वेळात डोंगराच्या कडेवर लाल ठिपका चमकला. मंडळी घाईघाईनं बाहेर आली.

"माझं पायताण कुठंय?"

"अरे, माझंबी न्हाय!"

वाटेवर सराट्यांचे काटे. अनवाणी जाणार कोण? शोधाशोध सुरू झाली. बब्रू तर मुद्दाम नको तिथंच शोधत होता, लबाड! बराच वेळ गेला, तेव्हा अंबादास म्हणाला, "मामा, आता वर बघा!"

दिवा डोंगरापासून चांगला उंच आभाळात आला होता.

"आँ? दिव्याला पाय फुटले का काय?"

"मंगळ आहे तो, मामा! चांदण्यांसारखा उगवतो."

"तिथं माणसं असतील का रे?" बब्रूनं विचारलं.

"असली, तर पृथ्वी दिसली की तीही दारं लावत असतील!"

सगळे हसले. नारायणराव मात्र हसले नाहीत. "शाबास, पोरांनो! उद्या माझ्या हातून लई वाईट झालं असतं. आता पायताणं द्या!"

सकाळी ते मुलांना घेऊन डोंगरावर गेले. बिराप्पाच्या मांडीवर कोकरू होतं.

"बिराप्पा, चुकलो. दिवा तुझा नव्हता. कोकरं चालायला लागेपर्यंत खुशाल राहा."

बिराप्पानं हात जोडले. मग तो म्हणाला, "मालक, एक इचारू? दिवा माजा असता, तर? अंधारात मानसानं दिवा लावू न्हाय व्हय?"

नारायणराव त्याच्याजवळ खाली बसले. प्रेमलाला कालची संध्याकाळ आठवली. दिवा बिराप्पाकाकांचा नाही, एवढंच दाखवायला ती धडपडत होती; त्यांनी दिवा लावला तर बिघडलं काय, हे तिनंही विचारलं नव्हतं.