शेवटच्या फेरीतलं उत्तर

इथे, दहा हजार फुटांवर, वेफर्सची पाकिटं आपोआप फुगतात.

राजमा तीन तास उकळला तरी दाताखाली कच्चाच लागतो.

स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या सतराव्या खुर्चीवर कुणाचातरी डावा हातमोजा आहे. डिसेंबरपासून एकटाच डोंगर चढतो, उतरतो.

इथे नवीन आलेला माणूस झोपेत श्वास घ्यायचा थांबतो. आपण शेजारी पडून आकडे मोजायचे. सात... आठ... मग तो दचकून श्वास घेतो.

माझ्या हाकेला स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडीतून कुणीतरी उत्तर देतं.

—

चार वाजता लिफ्ट बंद होतात आणि आम्ही स्कीच्या उतारांवरचे गस्तवाले शेवटची फेरी मारतो. प्रत्येकाला एक उतार. ठरलेल्या जागी थांबायचं, झाडीकडे तोंड करून ओरडायचं — डोंगर बंद होतोय, कुणी आहे का? मग तीन श्वास गप्प उभं राहायचं. काही ऐकू आलं नाही तर रेडिओवर 'मोकळं' म्हणायचं आणि पुढे निघायचं. उत्तर आलं, तर माणूस सापडेपर्यंत खाली उतरायचं नाही.

तीन हिवाळे मला त्या झाडीतून एकच उत्तर येत होतं. शांत, किंचित घोगरं.

"अजून नाही."

पहिल्या वर्षी मी दोनदा अख्खं पथक शोधायला आणलं. माणूस नाही, बर्फावर माग नाही. मग मी 'मोकळं' म्हणायला शिकले. रोजचं एक खोटं.

आमची पथकप्रमुख लोरेटा खाली वाट पाहत असायची. त्या आवाजाला ती माझा नवरा म्हणायची. "काय टाफोया, नवरा काय म्हणतोय आज?"

"अजून नाही म्हणतोय."

"सगळे तेच म्हणतात गं."

—

बुधवार होता. बारीक बर्फ पडत होता, आवाज न करता. मी हाक मारली. एक श्वास. दोन.

"अजून नाही."

आणि या वेळी माणूस होता. पडलेल्या खोडावर बसलेला, नाक लाल, भाड्याच्या स्की बाजूला रोवलेल्या, मांडीवर वही.

"काय अजून नाही?" मी विचारलं. आवाज तोच होता.

"यादी झाली नाही, मॅडम."

वेंडेल प्रूइट त्याचं नाव. नेब्रास्काचा, गुरं आणि ट्रॅक्टरवाला. इथे बर्फ सपाट करायचं यंत्र चालवायची नोकरी मिळत होती, आणि हो की नाही ते रविवारपर्यंत सांगायचं होतं. म्हणून डोंगराचे फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या.

"वाच."

"फायदे — बर्फ पिठासारखा कोरडा. मेपर्यंत टिकतो. तोटे — डोकं ठणकतं. जिना चढलो की म्हातारा होतो. बिअर एक घेतली की तीन चढतात."

"ते फायद्यात घाल."

त्याने खरंच खोडून तिकडे लिहिलं.

"तू आधी इथे आला होतास," मी म्हणाले. "गेल्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षी."

"मी परवापर्यंत टेकडीसुद्धा पाहिली नव्हती." त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "पण तुझी हाक... ओळखीची वाटली."

मानेवरचा बर्फ वितळून पाठीवरून खाली गेला. मी झटकला नाही.

—

गुरुवारी तो तिथेच. शुक्रवारीही.

"आज तोट्यांत काय?"

"तू मला... फक्त चार वाजता दिसतेस."

"आणि फायद्यांत?"

"तू मला... चार वाजता दिसतेस."

तो आता वाक्याच्या मध्येच थांबायचा. नजर माझ्यावर, ओठ किंचित उघडे — आणि मग पुढचा शब्द. प्रेमात पडलेला माणूस असाच अडखळतो, असं मला वाटलं. त्या रिकाम्या जागा मी घरी नेऊन परत परत ऐकल्या.

मी गस्तवाली. मला कळायला हवं होतं.

—

शनिवारी हाकेला फक्त खोकला आला.

ओठ निळसर. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं — अडुसष्ट टक्के. मी त्याच्या पाठीला कान लावला. इतक्या जवळ मी पहिल्यांदाच गेले होते, आणि आत कुणीतरी ओला कागद चुरगळत होतं. फुप्फुसात पाणी. याला इथे औषध एकच. खाली जाणं.

बर्फावरच्या स्लेजवर त्याला बांधताना तो म्हणाला, "उद्या... उत्तर द्यायचंय त्यांना."

"मी देते. नाही म्हणून."

"दोन दिवसांनी... परत येईन."

"पाणी परत भरेल. इथे राहिलास तर मरशील, वेंडेल."

त्याने माझा हातमोजा ओढून काढला आणि बोटं धरली. त्याची बर्फापेक्षा गार होती. "मग तू... ये खाली."

मी दहा हजार फुटांवर जन्मले. खाली मला हवा जाड लागते, झोप येते. आणि ही झाडी — तीन हिवाळे मी कुणासाठी इथे थांबले होते?

तोंडातून निघालं ते मी ठरवलं नव्हतं.

"अजून नाही."

तो हसला, खोकला, आणि रुग्णवाहिकेचं दार लागलं.

—

रविवारी ऊन होतं. मी हाक मारली. तीन श्वास उभी राहिले. मग दहा. झाडावरून बर्फाचा गोळा सुटला, पडला, त्याचाही आवाज झाला नाही. ती झाडी आता नुसती झाडी होती, आणि मला तिची पहिल्यांदा भीती वाटली.

"टाफोया?" रेडिओ खरखरला.

"मोकळं," मी म्हणाले. पहिल्यांदाच खरं.

खाली लोरेटाने विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही."

तिने माझ्या पाठीवरची पिशवी स्वतःच उतरवली. "मग तू इथे काय करतेयस? खाली जायला सकाळची बस आहे ना?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये उतारावर कान दुखले, मग उघडले.

—

डोंगरावर येण्याआधीचे तीन हिवाळे, नेब्रास्कात, दुपारी चारला गुरांना चारा टाकताना वेंडेल मध्येच थांबून "अजून नाही" म्हणायचा. त्याच्या आईला वाटायचं, गुरांना सांगतोय.