दुसरा खेळाडू

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानात व्हिडिओ गेमचा जुन्या पद्धतीचा रिमोट एकच उरला होता. राखाडी, चौकोनी, डावीकडे दिशांची बटणं, उजवीकडे दोन लाल. कालिंदीने तो उचलायला हात पुढे केला आणि त्याच क्षणी दुसरा एक हात थेट तिच्या हातावर येऊन पडला.

"सॉरी... सॉरी, मला दिसलंच नाही."

"एवढा समोर होता की हात!"

"समोरचं दिसतं मला. तुम्ही बाजूला होतात." तो किंचित हसला. तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा साधा शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग. बोलताना त्याने पूर्ण मान वळवून तिच्याकडे पाहिलं, म्हणजे अगदी नीट, निवांत पाहिलं. कालिंदीला तो धीटपणा वाटला. रागही आला आणि... राग तेवढा टिकला नाही.

"पीस एकच आहे," दुकानदार म्हणाला. "काय ते तुम्ही दोघं ठरवा."

"कोणासाठी घेताय?" त्याने विचारलं.

"बाबांसाठी."

"वय?"

"सदुसष्ट."

त्याने रिमोट तिच्याकडे सरकवला. "मग तुमचाच. पण हे रिमोट पीसीला लावले की कधी कधी आपोआप डावीकडे पळत सुटतात. पळाला तर फोन करा." दुकानाच्या कार्डामागे त्याने नंबर लिहून दिला आणि खाली नाव... संघर्ष.

"हे आडनाव?"

"नाव. मी झालो त्या महिन्यात वडलांची गिरणी कायमची बंद झाली. त्यांच्या डोक्यात दुसरा शब्दच नव्हता."

कालिंदी हसली नाही. तिच्या घरातही असे शब्द होते.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या बाबांना, जयवंतरावांना, पॅरालिसिसचा झटका आला होता. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरं जुळवलेला उजवा हात आता मांडीवर नुसता पडून असे. बोलणं तुटक झालं होतं, तेही बरंचसं गावाकडच्या बोलीत. फिजिओथेरपिस्टने दिलेला रबरी चेंडू दाबायचा सोडून ते डाव्या हाताने पलंगाखाली ढकलून द्यायचे. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. लालबागच्या नव्या इमारतीतल्या बाराव्या मजल्यावर कालिंदी आणि बाबा, दोघंच. ती घरूनच एका विमा कंपनीचं काम करायची, आणि उरलेल्या वेळात बाबांचं सगळं.

मग एके दिवशी टीव्हीकडे बघत बाबा म्हणाले होते, "टँक."

तिला आधी कळलं नाही. नंतर आठवलं. चाळीतल्या खोलीत, रविवारी दुपारी जेवणं झाली की आई-बाबा जमिनीवर खांद्याला खांदा लावून बसायचे आणि टीव्हीला जोडलेल्या गेममध्ये कॅसेट घालून रणगाडे चालवायचे. आई कायम दुसरी खेळाडू. बाबा पुढे घुसायचे, आई मागे राहून किल्ला राखायची. तो गेम भंगारात जाऊन वीस वर्षं झाली होती. पण हल्ली पीसीवर इम्युलेटर मिळतो, जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घेणारं सॉफ्टवेअर. कालिंदीने तो टाकला, सगळे गेम चित्रांसकट एका जागी दिसावेत म्हणून लायब्ररीचं सॉफ्टवेअरही टाकलं. चित्र छान दिसलं. क्लिक केलं की स्क्रीन काळी, आणि पुन्हा तेच चित्र. रिमोट लावला तर तो डावीकडे पळत सुटला.

तिने फोन केला.

संघर्ष रविवारी सकाळी आला. दारातल्या स्टुलाला धडकला, सॉरी म्हणाला... स्टुलाला की तिला, कळलं नाही. मग खुर्ची पुढे ओढून बसला.

"लायब्ररी म्हणजे नुसती यादी असते," तो म्हणाला. "गेम तिच्यात नसतो. यादी म्हणतेय पुस्तक डी कपाटात आहे. मध्ये हार्ड डिस्क बदललीत का?"

"चुलतभावाने बदलली."

"झालं तर. कपाट आता ई आहे, यादी बिचारी अजून डीचंच दार वाजवतेय." त्याने पत्ता बदलला. मग रिमोटचं सेटिंग उघडलं. "हा जरा थरथरतो. मधल्या जागेला थोडी मोकळीक देऊ. इतकं थोडं हललं तर ते हलणं धरायचंच नाही."

"माणसांना देता येते अशी मोकळीक?"

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "देतात काही जण," तो म्हणाला, आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला.

गेमची ती किरकिरी, चार सुरांची धून वाजली तेव्हा पलंगावर बाबांचा चेहरा हलला. दिशा डाव्या हाताने... ते जमलं. गोळी उजव्या अंगठ्याने. अंगठा बटणावर नुसता टेकला, दबला नाही. कालिंदीने नजर फिरवली.

संघर्षने काहीतरी बदललं. "आता टेकवला तरी गोळ्या सुटत राहतील, काका. दर रविवारी मी ही मदत थोडी थोडी कमी करणार. तुम्हाला कळणारही नाही."

पहिला शत्रू फुटला. बाबांच्या घशातून कसलासा आवाज आला. मग त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली. "दोन... दोन माणसां."

दुसरी खेळाडू म्हणून कालिंदी कीबोर्ड घेऊन बसली आणि अर्ध्या मिनिटात मेली. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पलंगाची कड थोपटून ते संघर्षला म्हणाले, "हयसर बस."

त्यानंतर रविवार वेगळे झाले. कालिंदी शनिवारपासूनच घर आवरायला लागायची. एकदा नवी जोडणी धरेना, एकदा सेव्ह केलेलं जागेवर सापडेना, एकदा अपडेटने आवाजच घालवला... काहीतरी असायचंच. तो दुरुस्त करायचा, तिला समजावून सांगायचा, आणि ती समजून घेताना त्याच्या बोटांकडे बघत राहायची. चार वाजता चहा. ती कप बाजूने पुढे करायची तेव्हा तो घ्यायचा नाही, समोर आणला की घ्यायचा. ती गंमत समजायची. तो मागे राहून किल्ला राखायचा खरा, पण कोपऱ्यातून आलेला रणगाडा त्याला नेमका टिपायचा, आणि बाबा चिडून म्हणायचे, "बघ ना रे!"

उन्हं उतरायच्या आत तो निघायचाच.

"घरी कोण एवढी वाट बघतं?" एकदा तिने दाराशी विचारलं.

"आई." तो थांबला. "तू जेवलीस का आज? दुपारी तू पानावरून दोनदा उठलीस."

तो पहिल्यांदाच तिला तू म्हणाला होता. आणि इतक्या महिन्यांत तिला हे विचारणारं कोणी भेटलं नव्हतं. दार लावून घेतल्यावर ती तिथेच उभी राहिली, बराच वेळ.

दोन महिन्यांत बाबांचा अंगठा बटण दाबू लागला. मदत पूर्ण बंद झाली तरी गोळी सुटायला लागली. आणि एका शनिवारी दुपारी कालिंदीच्या लक्षात आलं, आता बिघडलेलं काहीच नाही. उद्या त्याला बोलवायला कारण नाही. तिने थोडा विचार केला, गेमच्या फोल्डरचं नाव बदललं, आणि फोन लावला. "बंद पडलं रे पुन्हा."

रविवारी तो आला, बसला आणि एकेक फोल्डर उघडून बघू लागला. बाबा आतल्या खोलीत झोपले होते.

"फोल्डरचं नाव काल दुपारी तीन चाळीसला बदललंय."

"अपडेट झालं असेल."

"कालिंदी... अपडेट फोल्डरला 'ये ना' असं नाव देत नाही."

तिचे कान तापले. तो हसला, अगदी मनापासून. आणि मग ते हसू त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरत गेलं.

"तुला आधीच सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "दुकानात तुझा हात मला खरंच दिसला नव्हता. मला कडेचं दिसत नाही. डोळ्यांचा पडदा बाहेरून आत हळूहळू विझत येतोय. बोगद्यातून बघावं तसं दिसतं, आणि बोगदा दरवर्षी अरुंद होतो. अंधारात तर काहीच नाही. त्यावर औषध नाही."

कालिंदीने विचारलं, "किती दिवस...?"

"पाच वर्षं, पंधरा वर्षं. डॉक्टरही सांगत नाहीत. माझं लग्न ठरलं होतं, तेव्हा हे कळलं. तिने मोडलं. तिचं चुकलं नाही." त्याने माउस बाजूला ठेवला. "लहानपणी खेळलेले सगळे गेम एकदा डोळे भरून बघून घ्यायचेत म्हणून तो रिमोट हवा होता मला. यादी केलीय. दिसतंय तोवर."

"संघर्ष..."

"तू एका माणसाला सांभाळतेसच. तुला मी आवडतो, हे... हे मला फार आवडलंय. म्हणूनच नको."

त्याने फोल्डरचं नाव पूर्ववत केलं आणि निघून गेला. संध्याकाळी त्याचा लांबलचक मेसेज आला. काळी स्क्रीन आली तर काय करायचं, रिमोट ओळखला नाही तर काय, सेव्ह कुठे सापडेल... सगळं क्रमाने, नीट लिहिलेलं. शेवटची ओळ होती, 'आता हे सगळं तुझं तुला जमेल. माझी गरज लागणार नाही.'

कालिंदीने फोन उशीखाली सारला. तिला रडायचं नव्हतं, पण ते काही तिच्या हातात राहिलं नाही.

दोन रविवार गेले. बाबा रिमोट मांडीवर घेऊन बसायचे, खेळायचे नाहीत. दुसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "तो खंय?"

तिने सगळं सांगितलं. त्याचे डोळे, मोडलेलं लग्न, तो काय म्हणाला, सगळं. बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला, वीतभर, थरथरत.

"मी... जड झालंय तुका?"

नाही म्हणणं सोपं होतं. ती त्यांच्या शेजारी बसली. "होता तुम्ही जड, बाबा. रोज होता. कधी कधी मी चिडते, तुम्हाला दिसतंच."

"मगे... सोडलंस?"

"नाही."

"मगे ह्याच सांग त्येका."

सोमवारी तिने शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवलं आणि लोअर परळला त्याच्या ऑफिसच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. थंडीचे दिवस, संध्याकाळ लवकर व्हायची. साडेपाचला तो घाईने बाहेर आला. ती मुद्दाम अगदी समोर उभी राहिली.

"काका बरे आहेत ना?" त्याचा पहिला प्रश्न.

"बरे आहेत. मी माझ्यासाठी आलेय."

ते प्रभादेवीच्या दिशेने चालू लागले. एका बंद दुकानाच्या पायरीशी ती थांबली, म्हणून तोही थांबला.

"मी काही देवी नाहीये, संघर्ष. बाबांचं करताना मी थकते, चिडते, नळ सोडून रडते. तुझंही मला जड जाईल कधी कधी. आणि ते मी तोंडावर सांगेन. हे सगळं माहीत असून आलेय."

"आज माहीत आहे असं वाटतं. दहा वर्षांनी..."

"दहा वर्षांनंतरचं तुलाही दिसत नाही, मलाही नाही." ती त्याच्या नजरेसमोर सरकली. "तू फक्त तुझं वजन मोजलंस रे. तू आलास आणि बाबांचा अंगठा हलला. तू आलास आणि मी जेवले की नाही हे कोणाला तरी कळायला लागलं. मला काय सांभाळायचं ते तू ठरवलंस. मला कोण सांभाळतं, ते विचारलंस?"

समोरून बस गेली, माणसं गेली. पलीकडच्या फुलवाल्याने दिवा लावला. कालिंदीचं म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

"अंधार झाला ना?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"झाला. माझ्यामुळे उशीर झाला तुला."

"पुढे फूटपाथ खोदलाय, सकाळी बघितलं होतं. कुठून खोदलाय?"

"सात-आठ पावलांवर."

त्याने एक मोठा श्वास घेतला. ऑफिसात, रस्त्यात, इतकी वर्षं त्याने कोणाला काही विचारलं नव्हतं. भिंतीच्या आधाराने, अंदाजाने, उजेड असेतो तो घरी पोचायचा.

"कालिंदी, मला घरी सोडशील?" तो म्हणाला. मग अडखळत, "आणि दारातून परत जाऊ नकोस. आत ये. आईला सांगायचंय... आपल्याबद्दल."

तिने त्याची बोटं धरून आपल्या कोपराशी आणली. ती थंडगार होती, आणि घट्ट बसली.

"डावीकडे सरक जरा," ती म्हणाली. "आता खड्डा. आता एक फळी टाकलीय, अरुंद आहे. मी पुढे होते."

"हं."

"फळी संपली. आता सरळ आहे."

"सांगत राहा," तो म्हणाला.