तारीख आकड्यात लिहावी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत दोघं होते. एक बाई, हातात कॉफीचा कागदी पेला घेतलेली; आणि एक पुरुष, खांद्याला अवजारांची पिशवी लावलेला. इमारत लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीची होती. लिफ्टही तिनंच बनवलेली.

"छान," ती म्हणाली. "आता जगाला काय तोंड दाखवायचं?"

"आधी बाहेर तर पडू. तोंडाचं मग बघता येईल."

त्यानं पिशवी खाली ठेवली, दाराच्या फटीला कान लावला आणि... हाताची घडी घालून उभा राहिला.

"तुम्ही फिटर आहात ना? मग करा की काहीतरी."

"करतोय की. थांबतोय. खाली कुणीतरी बटण बडवतंय, म्हणून ही रुसलीय. त्याचा हात दुखला की सुटेल. लिफ्टला घाई सहन होत नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही कुठे? पाचवा?"

"पाचवा. पेरोल."

"अरे वा. मग त्या हाकलबाई तुमच्याच शेजारी बसत असतील."

"कोण हाकलबाई?"

"नाव कुणालाच माहीत नाही. सहीच्या जागी नुसतं 'कम्प्लायन्स' असतं. माणूस परक्या गावात जरा कुठे रुळतो, खोलीच्या मालकिणीला त्याचं नाव पाठ होतं, सकाळचा चहा न मागता समोर येतो... की यांची मेल आलीच म्हणून समजा. 'आपला मुक्काम संपत आला आहे. निघण्याची तारीख कळवावी.' आणि खाली ठळक अक्षरात, 'तारीख आकड्यात लिहावी.'" तो जरा ताठ झाला. "ती शेवटची ओळ माझ्यामुळे आली, बरं का."

तिनं पेल्यावरची नजर वर केली.

"तुम्ही... 'परवा'?"

"मी 'परवा'," तो ऐटीत म्हणाला. मग त्याची ऐट हळूहळू उतरली. "म्हणजे तुम्ही—"

लिफ्ट हलली. पाचवा मजला आला. दार उघडलं, आणि ती बाहेर पडताना म्हणाली, "शेजारी नाही. तिथेच बसते."

तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर नऊ घड्याळं होती, नऊ देशांची. कंपनीचे फिटर त्या देशांत लिफ्ट बसवत फिरत. प्रत्येक देशाचं म्हणणं साधारण एकच असे: ठरावीक दिवस राहाल तोवर पाहुणे; त्यापुढे एक दिवस जरी काढलात तर आमचे. मग कर आमचा, विमा आमचा, सुट्ट्यासुद्धा आमच्याच हिशेबानं. एका देशात नुसतं पाऊल पडलं तरी अख्खा दिवस धरत. दुसऱ्यात, मध्यरात्री माणूस जिथे असेल तिथला. कुणीही ती रेघ ओलांडू नये, हे पाहणं तिचं काम. गेली सात वर्षं ती माणसांना वेळेवर निघायला सांगत आली होती. स्वतः कुठेच गेली नव्हती.

'परवा'चं प्रकरण दोन वर्षांपूर्वीचं. तिच्या मेलला एका फिटरचं एका शब्दाचं उत्तर आलं होतं: परवा. तिनं वाचलं, परवाच गेला. फाईल बंद केली. तो मात्र अजून दोन दिवसांनी निघणार होता. रेघ ओलांडली गेली, विमानतळावर त्याला एका खोलीत बसवून ठेवलं, विमान चुकलं, आणि इकडे साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. दोष शब्दाचा होता, दोघांचाही नव्हता. पण शब्दाला झापता येत नाही.

या खेपेला तो इथल्या नव्या हॉस्पिटलच्या लिफ्ट बसवायला आला होता. चार-पाच महिन्यांचं काम. आल्यापासून पाचव्या मजल्यावर त्याचं काही ना काही अडलेलंच असे. आधी भत्त्याची शंका. मग विम्याची. मग कॉफीच्या मशीनचा आवाज बरोबर येत नाही, तो बघायला.

"मशीन तुमच्या खात्यात येत नाही," ती म्हणाली.

"वरखाली होणारं सगळं आमच्या खात्यात येतं. पाणी वर चढतं, कॉफी खाली उतरते." तो मशीनमागे वाकला. "तुम्ही रोज एकट्याच जेवता?"

"कशावरून?"

"इथली एकच खुर्ची झिजलीय."

तिला हसू आलं. सात वर्षांत कुणाला ती खुर्ची दिसली नव्हती.

मग ते एकत्र जेवू लागले. तो निरोप पाठवी तो सगळा आकड्यांत: 'भेट. तारीख १४. वेळ १३:००. मजला ५. डबे २.' ती उत्तर देई, 'नियमानुसार मान्य.' संध्याकाळी कधी तो तिला हॉस्पिटलच्या अर्धवट इमारतीत नेई. भिंतींना ओल्या सिमेंटचा वास, खिडक्यांना काचा नाहीत, बाहेर भुरभुर पाऊस. रिकाम्या लिफ्टमध्ये ती उभी राही आणि तो बाहेरून विचारी, "धक्का बसला?"

"नाही."

"मजला आल्याचं कळलं?"

"नाही."

"मग जमलं. चांगली लिफ्ट आणि चांगला पाहुणा, आल्याचं कळू नये आणि गेल्याचंही."

"गेल्याचं कळतं," ती म्हणाली. आतून म्हणाली, दार बंद असताना. त्याला ऐकू गेलं की नाही, तिनं विचारलं नाही.

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. आई गेल्यापासून वडिलांचं बोलणं कमी झालं होतं. पण ती चप्पल काढत असतानाच त्यांचा रोजचा प्रश्न ठरलेला. "काय गं, आज कुणाला काढलंस?" ती सांगे: एक वेल्डर, एक सुपरवायझर, कधी कुणीच नाही. मग ते टीव्हीचा आवाज वाढवत, आणि ती खोलीत जाऊन दिवा न लावता थोडा वेळ बसे. घर तसं लहान. पण संध्याकाळी ते मोठं वाटायचं.

हॉस्पिटलचं काम संपायला आलं आणि तिच्या पडद्यावर त्याच्या नावापुढचा चौकोन पिवळा झाला, म्हणजे दिवस संपत आले. त्याच आठवड्यात मुख्य कचेरीतून कळलं: दूरच्या एका देशात मोठं काम मिळालं आहे, तीन वर्षांचं, आणि तिकडच्याच पेरोलवर घ्यायच्या माणसांत तो पहिला आहे. करार पुढच्या महिन्यापासून. म्हणजे तिच्या यादीतून तो कायमचा जाणार होता. यापुढे त्याला 'निघा' म्हणायचंसुद्धा तिच्या हातात राहणार नव्हतं.

मेल तिनंच पाठवली. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, सांगितलं नाही. 'आपला मुक्काम संपत आला आहे.' पुढचं तिला पाठ होतं. तरी ते टाइप करायला फार वेळ लागला.

दहा मिनिटांत तो वर आला. जिन्यानं. धापा टाकत.

"आपल्याच कंपनीच्या लिफ्टवर भरवसा नाही?" ती म्हणाली.

"मध्ये अडकायचं नव्हतं. या वेळी आत तुम्ही नव्हता." तो समोर बसला. "तर आम्हालाही हाकललंत."

"नियम आहे."

"आणि राहायचं असेल तर?"

इथे तिचे हात बांधलेले होते. पेरोलच्या माणसानं कुणालाही 'इथे राहा' असा सल्ला द्यायचा नाही. त्यानं कंपनीवर कराचा बोजा पडतो. विचारलं तर नियम सांगायचा. तोही विचारलं तेवढाच.

"कुणाला राहायचं असेल तर?" तिनं जपून विचारलं.

"धरून चाला... एखाद्या फिटरला."

"त्यानं इथल्या पेरोलवर घ्या असा अर्ज मुख्य कचेरीला करायचा. फिरतीचे भत्ते बंद होतात. पगार कमी होतो. पुन्हा फिरती मागता येत नाही."

"फिटरला हे चालेल. पुढे?"

"दुसरीकडचा करार सुरू होणार असेल, तर त्याच्या आधीच्या महिन्याचा पेरोल बंद व्हायच्या आत अर्ज पोचला पाहिजे. नंतर आला तर करार पक्का."

"आणि कारण काय लिहायचं?"

"वैयक्तिक."

"एवढंच? ते वाचणाऱ्याला कळणार कसं, काय ते?"

"वाचणाऱ्याला कळायची गरज नसते," ती म्हणाली. कान गरम झाले होते. "लिहिणाऱ्याला माहीत असलं म्हणजे झालं."

त्यानं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरची नऊ घड्याळं नऊ वेळा दाखवत होती. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आणि एखाद्या बाईला काय वाटतं, हे त्या फिटरनं कुणाला विचारायचं?"

"ते..." तिनं पडद्याकडे मान वळवली. "ते माझ्या खात्यात येत नाही."

हेच ते उत्तर. पुढे कितीतरी दिवस ते तिला छळत राहिलं. तो हसला, मान डोलावली, उठला. दारात थांबून म्हणाला, "फिटर विचार करून कळवेल. आकड्यात."

दुसऱ्या दिवशी तो तिच्या नऊ देशांतल्या दुसऱ्याच एका देशात गेला. तिथली एक लिफ्ट बिघडली होती. ती दुरुस्त करून तिथूनच पुढे त्या तीन वर्षांच्या कामावर जायचं होतं.

"आज कुणाला काढलंस?" वडिलांनी विचारलं.

"एका फिटरला."

"बरा होता का?"

सात वर्षांत त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. "बरा होता," ती म्हणाली, आणि तोंड धुवायला आत गेली.

अर्जाची वाट पाहण्यात पंधरवडा गेला. जेवणाच्या सुट्टीत ती त्याच खुर्चीवर बसे. समोरची खुर्ची कुणीतरी मीटिंगसाठी उचलून नेली होती, परत आणली नव्हती. मशीनचा आवाज पुन्हा बिघडला होता. तिनं तक्रार केली नाही. गुरुवारी संध्याकाळी, मुख्य कचेरी बंद होईपर्यंत, तिच्या पडद्यावर काही आलं नाही. मुख्य कचेरीचा देश निराळा, तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची. या दोन दिवसांत कुणी काही पाठवलं तरी ते रविवारी सकाळी कचेरी उघडल्यावरच दिसणार होतं. आणि पेरोल बंद होणार होता त्याच रविवारी, दुपारी.

शनिवारी दुपारी, घरी खिडकीपाशी बसून, तिनं फोन हातात घेतला. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, हे लिफ्टच्या कंपनीत राहून तिला आजच कळत होतं. 'अर्ज कधी केलात?' लिहिलं, तर त्यानं केलाच असेल असं गृहीत धरल्यासारखं. 'अर्ज कधी करणार?' लिहिलं, तर विनवणी. शिवाय 'केलात' की 'केलास', हेही अजून ठरायचं होतं. तिनं क्रियापदच खोडलं.

'अर्ज कधी?'

फोन मांडीवर ठेवते न ठेवते तोच वाजला. उत्तर एका शब्दाचं होतं.

'परवा.'

ती बघतच राहिली. परवा, म्हणजे गुरुवारी? कचेरी बंद झाल्यावर पाठवला, म्हणून दिसला नाही? म्हणजे उद्या सकाळी दिसेल, वेळेत, दुपारच्या आत. की परवा, म्हणजे सोमवारी? घाईत, विमानाच्या रांगेत, विसरून? म्हणजे एक दिवस उशीर, आणि तीन वर्षं. गेले चार-पाच महिने हा माणूस डबेसुद्धा आकड्यात मोजत होता. आजच त्याला शब्द आठवला होता. ही थट्टा असेल तर गोड होती. नसेल तर—

तिनं फोन लावला. बंद. विमानात बसला असणार. कुठल्या विमानात, कुठे उतरणाऱ्या, हे शोधायला तिला ऑफिसचा पडदा लागला असता. आणि आज शनिवार होता.

"काय गं," वडिलांनी आतून विचारलं, "आज कुणाला काढलंस?"

"आज सुट्टी आहे, बाबा."

"मग फोनकडे काय बघत बसलीस?"

तिचं एक उत्तर द्यायचं राहिलं होतं, पण ते दुसरीकडे, पंधरवड्यापूर्वीचं. ते तिनं आता लिहिलं: 'ते माझ्या खात्यात येतं.' पाठवलं. मग थोडं थांबून, हसू आणि रडू एकाच वेळी आवरत, खाली दुसरी ओळ लिहिली.

'तारीख आकड्यात लिही.'

सव्वापाच वाजता बाहेर अंधारून आलं आणि पाऊस लागला. तिनं दिवा लावला. दोन्ही ओळींपुढे अजून एकेकच टिक होती.