पाचवी चिठ्ठी

प्रसारण नियामक मंडळात खुर्च्या पाच आणि सभासद चार. पाचवी नेमणूक दोन वर्षं अडली होती. सचिवांना त्याचं दुःख नव्हतं. चौघांना आवरतानाच त्यांचा जीव मेटाकुटीला येई. परवान्यावरचं मतदान गुप्त असे. सचिव स्वतः चार चिठ्ठ्या कापत, शिक्का मारत, वाटत आणि शेवटी पेटीतून काढून मोजत.

निघत पाच.

पहिल्यांदा वाटलं, कात्री चुकली. दुसऱ्यांदा त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. जास्तीची चिठ्ठी दर वेळी नकाराची, आणि शिक्का अस्सल. अध्यक्षांच्या कानावर घातलं, तेव्हा ते चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "पाच म्हणजे पूर्ण मंडळ. नियमाला धरूनच आहे की! तुम्हाला कशाला नसती उठाठेव?"

त्या एका मताने आजवर तीन वाहिन्या बंद पडल्या होत्या.

आज पाळी सचिवांच्या भाचीच्या रेडिओ केंद्राची होती. धरणाच्या भिंतीला तडा गेलाय, हे तिने तीन दिवस बातम्यांत सांगितलं, एवढाच गुन्हा. सकाळीच तिचा फोन आला होता.

"मामा, खरं सांग, राहील ना आमचा परवाना?"

"अगं, मंडळ स्वतंत्र आहे."

"कोणापासून? आमच्यापासूनच ना?"

सचिव नुसते हसले. चौघांचा कल त्यांना ठाऊक होता: दोघे बाजूने, दोघे विरुद्ध. मतं समसमान पडली तर परवाना राहतो. अडचण फक्त पाचव्याची.

म्हणून आज त्यांनी प्रत्येक चिठ्ठीच्या मागे आपली सहीही केली. पेटी उलटी करून, बुडावर थापट्या मारून दाखवली. आणि चिठ्ठ्या वाटून झाल्यावर सरळ जाऊन त्या रिकाम्या खुर्चीवरच बसले. बघू आता कोण मत देतो ते!

"हे काय, सचिव?"

"कंबर धरलीय, साहेब."

कोणी हसलं नाही. उलट सगळे जरा सावरून बसले, वरिष्ठ खोलीत आल्यावर बसतात तसे.

खुर्चीच्या गादीला खळगा पडला होता. दोन वर्षांत तिथे कोणी बसलं नव्हतं. तरी खळगा नेमका त्यांच्या मापाचा होता.

पेटी फिरली. त्यांच्यासमोरूनही गेली. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

मग उघडली.

होकार. नकार. नकार. होकार.

तळाशी आणखी एक. मागे त्यांची सही. पुढे नकार, त्यांच्याच अक्षरात. शाई ओली होती.

"हे... हे मी लिहिलेलं नाही."

"मतदान गुप्त असतं," अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले. "आम्ही विचारत नाही. आपणही सांगू नये, साहेब."

बारा वर्षांत अध्यक्षांनी त्यांना कधी साहेब म्हटलं नव्हतं.

खिशातला फोन वाजला. भाची. तिला सगळं सांगून टाकायचं, चिठ्ठी, सही, सगळं, असं ठरवूनच त्यांनी तो कानाला लावला.

"निर्णय नियमानुसार झालेला आहे," तोंडून निघालं.



"बरं," भाची अदबीने म्हणाली. "जरा मामाला देता का फोन?"