पाठीमागची गाठ

इजिप्तमधलं आमचं दुमयात म्हणजे फर्निचरचं गाव, इथे ज्याच्या त्याच्या अंगाला लाकडाचा भुसा चिकटलेला असतो. आमच्या इस्पितळात तर रुग्णाला टेबलावर घेण्याआधी त्याच्या भुवयाही पुसाव्या लागतात. करवतीनं, रंध्यानं, पटाशीनं कापलेले हात हेच आमचं रोजचं काम. मी याच गावची. माझे वडील फर्निचरला पॉलिश करतात, त्यामुळे नर्सिंगची पदवी घेऊन मी ऑपरेशन थिएटरात रुजू झाले तेव्हा तिथला स्पिरिटचा वास मला घरच्यासारखाच वाटला.

पहिल्या दिवशी मिस इन्साफनी मला हात धुवायच्या नळापाशी उभं केलं. त्या थिएटरच्या प्रमुख. आमच्याकडे नर्सना मिस म्हणतात, मग त्या आजी झालेल्या असल्या तरी.

"कॉलेजात काय शिकवलं ते राहू दे," त्या म्हणाल्या. "हात कमरेच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. टेबलाकडे पाठ करायची नाही. आणि चुकून कशाला हात लागला, तर कोणी बघितलं नसलं तरी मोठ्यानं सांगायचं. बकरी ईदपर्यंत बघते तुला. जमलं तर इथे, नाही तर खाली ड्रेसिंगच्या खोलीत."

मला खाली जायचं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला असताना एका डॉक्टरांनी आम्हाला कापलेल्या मनगटातला पांढरा स्नायुबंध चिमट्यात धरून दाखवला होता. त्यांनी तो हलकेच ओढला आणि झोपलेल्या माणसाचं बोट वाकलं. त्याच दिवशी मी ठरवलं होतं की काम करीन तर थिएटरात.

अडचण एकच होती. माझे हात थरथरत. घरी नाही, परीक्षेतही कधी नाही. पण गाऊन चढवून टेबलाशी उभी राहिले आणि आमच्या सर्जननी, डॉ. वगीहनी, न बघता तळवा पुढे केला की माझ्या बोटांना कापरं भरायचं. मी कॉफी सोडली. पोटभर नाश्ता करून आले, उपाशी येऊन पाहिलं. फरक पडला नाही.

"मी कात्री मागितली होती," डॉ. वगीह म्हणाले. "वारा घालायला नव्हतं सांगितलं."

भूल देणारे डॉ. लुत्फी हसले. करीमाननं मान खाली घातली. करीमान माझ्याहून थोडी मोठी. ती न धुतलेल्या हातांची कामं करायची: पाकिटं फोडून देणं, दिवा वळवणं आणि आमच्या गाऊनच्या फिती बांधणं. हात निर्जंतुक झालेल्या माणसाला स्वतःच्या पाठीला हात लावता येत नाही. म्हणून टेबलाकडे तोंड करायचं, दोन्ही हात छातीशी धरायचे आणि थांबायचं. मागून कोणीतरी येतं. मानेपाशी एक गाठ, कमरेपाशी एक. कोण आलं ते वळून बघायची पद्धत नाही. गरजही नसते.

त्या दिवशी हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. मी थांबले आणि मागून फिती ओढल्या गेल्या. करीमान नेहमी घाईनं ओढते. हे हात सावकाश होते. कमरेची गाठ बसली, तेव्हा एक तळवा क्षणभर माझ्या कण्यावर टेकला, बाळाला झोपवताना टेकवतात तसा. कापडातूनही त्याची ऊब कळली.

त्या ऑपरेशनमध्ये माझे हात हलले नाहीत. डॉ. वगीहनी मागायच्या आतच हवं ते त्यांच्या तळव्यात पडत होतं. त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ईद लवकर आली वाटतं," ते म्हणाले.

काम संपल्यावर करीमान माझा गाऊन सोडायला मागे आली आणि बराच वेळ खटपट करत राहिली.

"ही कसली गाठ मारून घेतलीस, बाई? सुटतच नाहीये."

"मारलीस तूच की."

"मी? मी धागे आणायला बाहेर होते. आले तेव्हा तू बांधून उभी होतीस."

शेवटी तिनं कात्रीनं फीत कापली. मी तो तुकडा खिशात टाकला आणि घरी जाऊन खिडकीपाशी नीट पाहिला. गाठ चपटी होती. टोकं आत खोचलेली, लोंबतं काहीच नाही. उजव्या हाताचा माणूस फीत ज्या बाजूनं फिरवतो, त्याच्या उलट वळण होतं.

कोणीतरी बांधली म्हणजे बांधणारा असणारच, एवढं साधं गणित होतं. पुढच्या काही दिवसांत मी थिएटरात ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही निमित्त काढून खुर्चीच्या पाठीला फीत बांधायला लावली. करीमाननं बुटाच्या नाडीसारखी गाठ मारली. सफाईवाल्या शहाताकाकांनी बोकडाला बांधतात तशी. डॉ. लुत्फींनी फीत हातात घेऊन विचारलं, "होणाऱ्या नवऱ्यासाठी फास शिकतेयस का, पोरी?" त्यांची गाठ तर ओढताच सुटली. त्या चपट्या गाठीसारखी एकाचीही नव्हती.

दरम्यान ते हात येत राहिले. रोज नाही. करीमान बाहेर असली, खोली जरा निवांत असली की. आणि ते आले की माझी बोटं दगडासारखी स्थिर व्हायची. ते आले नाहीत, करीमाननं बांधलं, की पुन्हा कापरं.

ती कापलेली गाठ मी मिस इन्साफना दाखवली. त्या सुया मांडत होत्या. त्यांनी गाठ हातात घेतली नाही, नुसती पाहिली.

"पूर्वी अशा बांधायचे," त्या म्हणाल्या. "फीत लोंबू नये म्हणून."

"कोण बांधायचं?"

"सगळेच."

"डावखुरं कोण होतं, मिस?"

त्यांनी सुयांचा ट्रे झाकला. "हे बघ, शुरूक. तुला नको असेल तर पाठ भिंतीला लावून उभी राहत जा. करीमान आली की मगच पुढे हो. एवढं केलं की पुरतं."

"आणि माझी थरथर?"

"ती मग तुझी तुला."

मी खरंच पाठ भिंतीला लावायला लागले. भिंतीवरच्या फरशीचा गारवा गाऊनमधून लागायचा, करीमान यायची, घाईनं बांधायची. थरथर दुपटीनं परत आली. एका बाईच्या पोटाला टाके घालताना माझ्या चिमट्यातून सुई निसटली आणि चादरीच्या घडीत गेली. सगळे थांबले. एकेक घडी उलगडून ती शोधली. सापडल्यावर डॉ. वगीहनी पुढची सुई स्वतःच ट्रेमधून उचलली, आणि ते जास्त लागलं.

संध्याकाळी मिस इन्साफनी मला बोलावलं. घराघराच्या गच्चीवर ईदसाठी आणलेल्या मेंढ्या ओरडत होत्या, त्यांचा आवाज खिडकीतून आत येत होता.

"रविवारी एका नक्षीवाल्याचा हात आहे," त्या म्हणाल्या. "दोन स्नायुबंध तुटलेत. केसाएवढ्या सुया असतात. डॉक्टर म्हणाले, तुला नको. मी म्हटलं, एकदा देऊन बघू. तिथं जमलं नाही तर सोमवारी खाली जा. मनाला लावून घेऊ नकोस, सगळ्यांचे हात या कामाचे नसतात."

मी घरी गेले. आईनं वाढलेलं खाल्लं. वडिलांचे पॉलिशनं तपकिरी झालेले हात बघत बसले. भिंतीला पाठ लावायची नाही, एवढं मी जेवतानाच ठरवलं होतं. पण नुसतंच ठरवून भागणार नव्हतं. मला स्थिर करणारा तो हात कोणाचा, हे मला कळायला हवं होतं.

गाऊन वाफेच्या यंत्रात जायच्या आधी मी एकाच्या फिती लांब चिमट्यानं धरून जेन्शनच्या जांभळ्या औषधात बुडवल्या. जंतू मारायचंच औषध ते, आणि वाफेनंही त्याचा रंग जात नाही. हाताला जरा घाम असला तरी त्या हाताला लागणार. जो बांधील त्याची बोटं जांभळी होतील.

करीमानला मी सांगितलं. "उद्या तू मागे येऊ नकोस. काही झालं तरी माझ्यासमोर राहा."

"वेडी आहेस तू," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "इथे राहायचं असेल तर असलं काही तपासू नये, शुरूक."

"तुला माहीत आहे काही?"

"मला एवढंच माहीत आहे की मिस इन्साफ स्वतःच्या गाऊनची गाठ कोणाला बांधू देत नाहीत. म्हणून तर त्या आता टेबलाशी उभ्या राहत नाहीत."

रविवारी ते नक्षीवाले, रिज्क उस्ताद, आले. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. डावा हात पट्टीत, उजवा मांडीवर. मी त्यांना टेबलावर घेत होते तेव्हा ते माझ्या बोटांकडे बघत होते.

"पोरी, थंडी वाजतेय का तुला?"

"नाही, उस्ताद."

"मी खुर्च्यांना पाय करतो, सिंहाचे पंजे. सगळ्या गावात माझे पंजे ओळखतात. आता या हातानं पटाशी धरता आली नाही, तर मी केलेल्या खुर्चीत मलाच बसून राहावं लागेल." ते हसले. मग हसले नाहीत. "बघ बाई, काय करशील ते."

डॉ. लुत्फींनी त्यांना झोपवलं.

मी ब्रशनं नखं घासून हात धुतले. बोटं स्वच्छ होती, मी दिव्याखाली धरून पाहिली. जांभळ्या फितींचा तोच गाऊन चढवला, हातमोजे घातले आणि खोलीच्या मध्यात येऊन टेबलाकडे तोंड करून थांबले.

डॉ. वगीह समोर होते. डॉ. लुत्फी रुग्णाच्या डोक्याशी. करीमान माझ्या अगदी समोर उभी होती, उस्तादांचा हात दोन्ही हातांनी उचलून धरून. दार बंद होतं.

मानेपाशी फीत ओढली गेली.

करीमान माझ्या खांद्यावरून मागे बघत नव्हती. ती मुद्दाम उस्तादांच्या हाताकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

मग कमरेची गाठ. सावकाश. टोकं आत खोचली गेली.

तळवा कण्यावर टेकला.

आजवर तो लगेच उचलला जायचा. आज उचलला गेला नाही.

"बिस्मिल्ला," डॉ. वगीह म्हणाले.

आम्ही सगळे म्हणालो. माझ्या मानेपाशीही कोणीतरी ते म्हणालं, अगदी हळू, सवयीनं.

तळवा वर सरकला. दोन्ही खांद्यांवर ऊब आली. मग ती दंडात उतरली, कोपरात उतरली, मनगटात उतरली. बाहीत हात घालावा, तशी.

बोटांच्या टोकांशी येऊन थांबली.

डॉ. वगीहनी तळवा पुढे केला.

पुढचं मी बघत होते. केसाएवढी सुई चिमट्यात बसत होती, वळत होती, त्यांच्या हातात जात होती. एकदाही घसरली नाही. धागा ताणला जात होता तेव्हा त्यांच्याआधी माझी बोटं थांबत होती. पांढरी टोकं एकमेकांना मिळत गेली. शेवटी डॉक्टरांनी स्नायुबंध हलकेच ओढला आणि उस्तादांचं बोट वाकलं.

"माशाअल्ला," ते म्हणाले. मला उद्देशून. "असले हात मी फार वर्षांनी पाहिले."

मिस इन्साफ दारात उभ्या होत्या. कधी आल्या ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "राहा इथंच," त्या म्हणाल्या. त्यात आनंद नव्हता.

करीमाननं कात्रीनं फीत कापली. मग तिनं न सांगता स्वतःचे दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. स्वच्छ होते.

मी हातमोजे काढले. बाहेरून त्यांना जांभळा डाग कुठेच नव्हता. मी ते नळाखाली पाण्यानं भरून पाहिले. थेंबही गळला नाही.

मग मी माझ्या बोटांकडे पाहिलं. दहाही टोकं जांभळी होती.

साबणानं गेली नाहीत, स्पिरिटनंही पूर्ण गेली नाहीत. खोलीबाहेर उस्ताद शुद्धीवर येत होते आणि कोणालातरी पटाशी कुठे ठेवली ते विचारत होते. शहाताकाकांनी सगळ्यांसाठी चहा आणला. नुकताच उकळलेला, काचेच्या पेल्यात.

"घे, राणी," ते म्हणाले. "आज तुझा दिवस."

मी पेला घेतला. चहावर साधा तरंगही उठला नाही. काच इतकी तापली होती की बोटं भाजत होती, ते मला स्पष्ट कळत होतं. मी पेला खाली ठेवायचं ठरवलं.

बोटं हलली नाहीत. मी पुन्हा ठरवलं. करीमान काहीतरी विचारत होती, मी हसून मान हलवत होते, आणि पेला सावकाश माझ्या ओठांशी येत होता, जात होता. चहा संपल्यावर तो खाली ठेवला गेला.